एक घोडेस्वार, दोन वारस

22 नोव्हेंबर 2019. लिथुआनियाची राजधानी विल्नियस इथे त्या दिवशी वीस माणसांची अंत्ययात्रा निघाली. त्या माणसांच्या मृत्यूला दीडशेहून अधिक वर्षे उलटली होती. 1863 साली झारच्या रशियाविरुद्ध उठाव झाला, त्यात सामील झाल्याबद्दल त्यांना याच शहरातल्या लुकिश्केस चौकात देहदंड दिला होता आणि कबरी लोकांची तीर्थस्थाने होऊ नयेत म्हणून गेडिमिनास टेकडीवर गुपचूप पुरले होते. 2017 साली टेकडीचा उतार ढासळू लागला म्हणून पुरातत्त्वज्ञ तिथे काम करत होते, तेव्हा हे सांगाडे हाती लागले. काहींचे हात पाठीशी बांधलेले होते. एका खड्ड्यात सोन्याची लग्नाची अंगठी सापडली. तिच्यावर झिग्मुंत आणि अपोलोनिया ही दोन नावे आणि 1862 सालातली तारीख कोरलेली होती. उठावाचा सेनानी झिग्मुंत सेराकोव्स्की त्या अंगठीमुळे ओळखू आला.

पण त्या दिवशी सर्वाधिक डोळे लागले होते ते दुसऱ्या एका शवपेटीकडे. ती उठावाच्या अवघ्या सव्वीस वर्षांच्या नेत्याची होती. पोलिश लोक त्याला कॉन्स्तान्ती कालिनोव्स्की म्हणतात, बेलारूसी लोक कास्तूस कालिनौस्की आणि लिथुआनियन लोक कोन्स्तान्तिनास कालिनाउस्कास. कॅथीड्रलपासून रासोस दफनभूमीपर्यंतच्या रस्त्यावर पांढरे-लाल-पांढरे झेंडे घेतलेले हजारो बेलारूसी लोक सीमा ओलांडून आले होते. दफन लिथुआनियाच्या राजधानीत होते, लिथुआनिया आणि पोलंडचे राष्ट्राध्यक्ष हजर होते आणि रडत होता बेलारूस.

कालिनोव्स्की नक्की कोणाचा? या एका प्रश्नामागे आठशे वर्षांचा इतिहास उभा आहे. लिथुआनियाची ग्रँड डची हे मध्ययुगातले राज्य एके काळी बाल्टिक समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत पसरले होते. आज तिच्या भूमीवर अनेक देश आहेत. त्यांपैकी लिथुआनिया आणि बेलारूस हे दोघे तिच्याकडे केवळ पूर्वीचे एक राज्य म्हणून पाहत नाहीत. ते आपले मूळ घर आहे असे दोघेही मानतात, आणि भांडण तिथूनच सुरू होते.

लिथुआनियात युरोचे नाणे हातात घेतले तर त्यावर एक घोडेस्वार दिसतो. डोक्यावर शिरस्त्राण, उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हाताला ढाल आणि ढालीवर दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस. लिथुआनियन भाषेत त्याला ‘व्हितिस’ म्हणतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक योगाइलाच्या मुद्रांवर हा स्वार दिसू लागतो आणि पुढे तो सबंध राज्याचे चिन्ह होतो. 11 मार्च 1990 रोजी सोव्हिएत संघातून बाहेर पडण्याची घोषणा करताना लिथुआनियाने हेच राजचिन्ह पुन्हा स्वीकारले. दीड वर्षाने, सप्टेंबर 1991 मध्ये, शेजारच्या बेलारूसनेही नेमका हाच स्वार आपले राजचिन्ह केला. त्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘पाहोनिया’, म्हणजे पाठलाग. 1995 च्या सार्वमतानंतर अलेक्सांद्र लुकाशेन्को यांच्या राजवटीने तो काढून टाकला आणि सोव्हिएत वळणाचे चिन्ह आणले. 2020 च्या लुकाशेन्कोविरोधी आंदोलनात लोकांनी तो स्वार पांढऱ्या-लाल-पांढऱ्या झेंड्यासह पुन्हा रस्त्यावर आणला आणि त्यापायी अनेकांना अटक झाली. एका देशात जो स्वार रोजच्या नाण्यावर आहे, तोच शेजारच्या देशात बंडाची खूण ठरला आहे.

मुळाशी जायचे तर तेराव्या शतकात जावे लागते. नेमुनास नदीच्या खोऱ्यातल्या जंगलांत आणि दलदलींत बाल्ट वंशाच्या टोळ्या राहत होत्या. लिथुआनिया हे नाव 1009 सालच्या जर्मन इतिवृत्तात पहिल्यांदा येते. या टोळ्या अग्नी, वीज आणि वृक्ष पूजणाऱ्या होत्या. त्यांच्या भाषेत देवाला ‘दिएवास’ आणि अग्नीला ‘उग्निस’ म्हणत, आजही म्हणतात. संस्कृतशी असलेले हे साम्य पाहून एकोणिसाव्या शतकातले भाषापंडित थक्क झाले होते. याच टोळ्यांमधला एक सरदार मिंडाउगस याने बाकीच्या सरदारांना नमवले, 1251 साली बाप्तिस्मा घेतला आणि 1253 साली राजमुकुट धारण केला. लिथुआनियाच्या इतिहासात पोपच्या मान्यतेने अभिषेक झालेला राजा तो एकटाच. 6 जुलै हा त्याच्या राज्याभिषेकाचा दिवस मानून लिथुआनियात आज राष्ट्रीय सुट्टी असते.

अभिषेक कुठे झाला, हे मात्र एकाही समकालीन कागदात नाही. बेलारूसी परंपरा सांगते की तो नवाह्रुदाक इथे झाला. आजच्या पश्चिम बेलारूसमधले हे छोटे शहर तेव्हा स्लाव्ह लोकांचे भरभराटीचे व्यापारी केंद्र होते आणि ते मिंडाउगसच्या ताब्यात आले होते. त्याचा मुलगा वैश्विल्कास याने तिथे राज्य केले, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ स्वीकारला आणि तो संन्यासीही झाला. म्हणजे राज्याच्या जन्मापासूनच दोन धागे एकत्र विणलेले दिसतात. राजवंश बाल्ट होता, मूळचा मूर्तिपूजक होता, लिथुआनियन बोलणारा होता. त्याच्या हाताखाली आलेली शहरे मात्र स्लाव्ह, ऑर्थोडॉक्स आणि लिहिती-वाचती होती.

पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत हे राज्य ज्या वेगाने वाढले, त्याला फक्त तलवार कारण नव्हती. पूर्वेकडे मंगोल स्वाऱ्यांनी किएव्हचे जुने रूस राज्य मोडले होते आणि पश्चिमेकडून ट्युटॉनिक सरदारांची जर्मन फौज येत होती. मधल्या लहान रूस संस्थानांना आश्रय हवा होता. गेडिमिनास आणि त्याचा मुलगा आल्गिर्डास यांनी कधी लढून, कधी तहाने, कधी लग्नाने ती जोडली. आल्गिर्डासने व्हितेब्स्कच्या राजकन्येशी लग्न केले आणि व्हितेब्स्क त्याच्याकडे आले. जिंकलेल्या प्रदेशात हे ग्रँड ड्यूक जुने मोडत नसत आणि नवे लादत नसत. स्थानिक कायदा, चर्च, भाषा जशीच्या तशी राहू देत. राजपुत्र ऑर्थोडॉक्स मुलींशी लग्न करत आणि अनेकदा त्यांचा धर्मही घेत. पाहता पाहता राज्यातली बहुसंख्य प्रजा स्लाव्ह झाली. त्या काळी या प्रजेला रूस किंवा रुथेनियन म्हणत. आजचे बेलारूसी आणि युक्रेनियन लोक त्यांचेच वंशज.

आणि इथेच आजच्या भांडणाचा गाभा आहे. राज्य लिथुआनियन राजवंशाचे होते, पण त्याचा कारभार चालला रुथेनियन भाषेत. लिथुआनियन भाषा तेव्हा लिहिली जात नव्हती. दरबारात करार, वतनपत्रे, निवाडे लिहायचे तर कारकून रूसचे आणि लिपी सिरिलिक. पोलोत्स्कचा फ्रान्सिस्क स्कारिना याने 1517 पासून प्राग इथे बायबलचे ग्रंथ छापले आणि 1522 साली विल्नियसमध्ये पहिला छापखाना चालवला. लिथुआनियन भाषेतले पहिले छापील पुस्तक त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1547 साली आले आणि तेही राज्याच्या सीमेबाहेर, प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात. मार्तीनास माझ्विदास याची ती प्रश्नोत्तरी. खुद्द ग्रँड डचीत लिथुआनियन पुस्तक छापले गेले 1595 साली.

कायद्याचेही तेच. लिथुआनियाची संहिता तीनदा रचली गेली, 1529, 1566 आणि 1588 साली. तिसरी आवृत्ती विल्नियसच्या मामोनिच छापखान्यात छापली गेली आणि तिच्यामागे उभा होता उपकुलपती लेव्ह सापिएहा. त्या काळच्या युरोपात एवढा सुसूत्र कायदा फार थोड्या राज्यांकडे होता. परक्या माणसाला, अगदी पोलंडच्या माणसालाही, ग्रँड डचीत अधिकारपद मिळू नये असे तिने बजावले. दफ्तरात रूसची अक्षरे आणि रूसचेच शब्द वापरावेत, असेही तिने घालून दिले. राज्य बुडाल्यावरही ही संहिता चालू राहिली, रशियाने ती 1840 साली रद्द केली. बेलारूसी वाचकाला ही संहिता वाचताना आपली जुनी भाषा दिसते. लिथुआनियन इतिहासकार तिच्या भाषेला केवळ दफ्तराची स्लाव्ह भाषा म्हणतात. सापिएहा जन्मला व्हितेब्स्कजवळ, म्हणजे आजच्या बेलारूसमध्ये. तो चिरविश्रांती घेतो विल्नियसमध्ये, स्वतः बांधलेल्या सेंट मायकेल चर्चमध्ये.

लिथुआनियन बाजूकडेही भक्कम कागद आहेत. त्यातला एक 1420 सालचा. ट्युटॉनिक सरदारांशी झेमाइतियाच्या प्रदेशावरून वाद चालू होता आणि पुढे सम्राट झालेल्या सिगिस्मुंडने निकाल लिथुआनियाविरुद्ध दिला. तेव्हा ग्रँड ड्यूक व्हिताउतासने त्याला संतापून लॅटिनमध्ये पत्र लिहिले. झेमाइतिया या नावाचा लिथुआनियन भाषेत अर्थ खालचा प्रदेश, लिथुआनियाला तिथले लोक आउक्श्ताइतिया म्हणजे वरचा प्रदेश म्हणतात आणि दोन्हींची भाषा आणि माणसे एकच आहेत, असे त्याने त्यात समजावून सांगितले. राज्यकर्ता आपली मातृभाषा ओळखून होता आणि तिचा आधार घेऊन राजकारणही करत होता, याचा हा लेखी पुरावा आहे.

हाच व्हिताउतास दहा वर्षांपूर्वी, 15 जुलै 1410 रोजी, चुलतभाऊ योगाइलासह ग्रुनवाल्डच्या रणात उतरला होता. योगाइला एव्हाना पोलंडचा राजा झाला होता. 1385 चा क्रेवाचा करार, पाठोपाठ पोलंडच्या राणीशी विवाह आणि 1387 साली लिथुआनियाचा कॅथलिक बाप्तिस्मा, असा तो प्रवास. ग्रुनवाल्डला ट्युटॉनिक सरदारांचा कणा मोडला. पोलिश इतिवृत्तकार द्वुगोश याने ग्रँड डचीकडून चाळीस निशाणे लढल्याचे लिहिले आहे आणि त्यांत विल्नियस, त्राकाई, काउनास यांच्याबरोबर पोलोत्स्क, व्हितेब्स्क, नवाह्रुदाक, लिदा, स्मोलेन्स्क यांची नावे आहेत. लिथुआनियात ही लढाई झाल्गिरिस म्हणून ओळखली जाते आणि काउनासच्या नावाजलेल्या बास्केटबॉल संघाचे नावही तेच आहे. बेलारूसमध्येही तिचा तेवढाच अभिमान आहे. दोघांचेही खरे आहे.

नवाह्रुदाकच्या टेकडीखाली एक पांढरे चर्च आहे. 1422 साली म्हाताऱ्या योगाइलाने तिथे हाल्शानीच्या सोफियाशी लग्न केले. हाल्शानी आजच्या बेलारूसमध्ये आणि सोफिया रूस वळणाच्या सरदार घराण्यातली. पोलंडवर आणि लिथुआनियावर दीडशे वर्षे राज्य करणारा यागिएलो वंश तिच्याच पोटी वाढला. पुढे अठराव्या शतकात चर्चची इमारत नव्याने उभी राहिली आणि 1799 साली त्याच जागी अॅडम मित्स्केविच या बाळाचा बाप्तिस्मा झाला. तो पुढे पोलिश भाषेतला सर्वांत मोठा कवी ठरला. आजच्या बेलारूसमध्ये जन्मलेल्या या कवीने पोलिश भाषेत लिहिलेले महाकाव्य ‘पान तादेउश’ आपल्या मायभूमीला हाक मारूनच सुरू होते आणि ती मायभूमी असते लिथुआनिया. त्याच्या दृष्टीने यात काहीच विसंगत नव्हते. त्या काळी लिथुआनियन असणे म्हणजे ग्रँड डचीचा असणे. घरात कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न कोणी विचारत नव्हते.

हा प्रश्न विचारला गेला राज्य संपल्यावर. 1569 च्या लुब्लिन करारानंतर पोलंड आणि लिथुआनियाचे संयुक्त राज्य झाले, सरदारवर्ग हळूहळू पोलिश बोलू लागला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस दफ्तरातूनही रुथेनियन भाषा गेली. 1772, 1793 आणि 1795 च्या तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी हे राज्य नकाशावरून पुसले. ग्रँड डचीचा बहुतेक भाग रशियाने गिळला.

कालिनोव्स्की याच संधिकाळातला. तो पोलिश बोलणाऱ्या, गरिबीला लागलेल्या सरदार घराण्यातला, पण शेतकऱ्यांना जागे करायला त्याने त्यांच्याच बोलीत, बेलारूसी भाषेत, ‘मुझित्स्काया प्राउदा’ हे पत्रक काढले. 1862-63 मध्ये त्याचे सात अंक निघाले. मार्च 1864 मध्ये लुकिश्केस चौकात त्याला फाशी दिली. दंडाज्ञा वाचताना ‘सरदार कालिनोव्स्की’ असा उल्लेख झाला, तेव्हा आमच्यात सरदार कोणी नाही, सगळे समान आहेत, असे तो मोठ्याने म्हणाला, अशी आठवण सांगितली जाते. त्यानंतर रशियाने लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर चाळीस वर्षे, 1904 पर्यंत, बंदी घातली. लोकांनी प्रशियात पुस्तके छापून, पोत्यांत लपवून सीमेपार आणली. त्यातून लिथुआनियन राष्ट्रवाद उभा राहिला तो भाषेच्या पायावर. बेलारूसी राष्ट्रवाद थोडा मागून आला, आणि त्याचे मुखपत्र ‘नाशा निवा’ 1906 साली निघाले ते विल्नियसमध्येच.

दोघांनाही राजधानी विल्नियस हवी होती. 1897 च्या जनगणनेत या शहरातले सुमारे 40 टक्के लोक ज्यू होते, 31 टक्के पोलिश भाषक, 20 टक्के रशियन. बेलारूसी बोलणारे 4 टक्के आणि लिथुआनियन बोलणारे अवघे 2 टक्के. शहरात माणसे दुसऱ्यांची होती, पण आठवण या दोघांची होती. 16 फेब्रुवारी 1918 रोजी लिथुआनियाने विल्नियसमध्ये स्वातंत्र्य घोषित केले. 25 मार्चला मिन्स्कमध्ये बेलारूसच्या लोकप्रजासत्ताकाची घोषणा झाली. दोन्ही नवजात देशांनी तोच घोडेस्वार मिरवला. लिथुआनिया टिकला, पण विल्नियस 1920 ते 1939 पोलंडकडे राहिले. बेलारूसचे प्रजासत्ताक वर्षभरात बुडाले. ऑक्टोबर 1939 मध्ये स्टालिनने विल्नियस लिथुआनियाला दिले आणि पुढल्या वर्षी सबंध लिथुआनियाच घशात घातला.

सोव्हिएत काळात बेलारूसच्या शाळांमध्ये शिकवले गेले की ग्रँड डची म्हणजे परक्या लिथुआनियन जमीनदारांची जुलमी सत्ता आणि बेलारूसचे खरे घर रशिया. या शिकवणीने एका सबंध समाजाला त्याच्या पाचशे वर्षांपासून तोडले. तिला उत्तर द्यायला मिकोला येर्मालोविच हे शिक्षक उभे राहिले. त्यांचे लेखन आधी टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरले आणि 1989 साली ‘एका मिथकाच्या मागावर’ अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आले. त्यांनी मांडले की इतिवृत्तांतला मूळ लिथुआनिया आजच्या बेलारूसमध्ये, नेमुनासच्या वरच्या खोऱ्यात होता आणि राज्य घडवले ते नवाह्रुदाकच्या स्लाव्ह लोकांनी. यातूनच ‘लित्विनवाद’ जन्मला. त्याचे टोकाचे अनुयायी तर म्हणतात की आजचे लिथुआनियन फक्त झेमाइतियाचे वंशज आहेत आणि लिथुआनिया हे नावच त्यांनी उचलले आहे.

येर्मालोविच यांची वेदना खरी होती, पण हा सिद्धांत टिकत नाही. मिंडाउगस, गेडिमिनास, आल्गिर्डास ही नावे बाल्ट भाषेतली आहेत. व्हिताउतासचे 1420 चे पत्र त्या सिद्धांताच्या थेट विरोधात जाते. पण त्याला उत्तर देताना लिथुआनियातले काही जण दुसऱ्या टोकाला जातात. रुथेनियन कारकून, छापखानेवाले, सरदार आणि सैनिक यांना ते केवळ जिंकलेली प्रजा ठरवतात. हेही तितकेच चूक आहे. त्या माणसांशिवाय ग्रँड डची हे जंगलातल्या टोळ्यांचे राज्य राहिले असते, तिला कायदा मिळाला नसता आणि आज आपल्याला तिच्याबद्दल जवळपास काहीच वाचता आले नसते.

आता पुतळेही दुहेरी झाले आहेत. विल्नियसमध्ये गेडिमिनासचा पुतळा 1996 साली आणि मिंडाउगसचा 2003 साली उभा राहिला. बेलारूसमध्ये नवाह्रुदाकला मिंडाउगसचा आणि व्हितेब्स्कला आल्गिर्डासचा पुतळा 2014 साली, लिदाला गेडिमिनासचा 2019 साली. 2020 नंतर लुकाशेन्को यांच्या दडपशाहीतून सुटून हजारो बेलारूसी लोक विल्नियसमध्ये आले. त्यांनी खिडक्यांत पाहोनिया लावला, तेव्हा काही लिथुआनियन लोकांना आपल्या राजधानीवर हक्क सांगितला जातोय अशी भीती वाटली. छोट्या देशाची ही भीती समजण्यासारखी आहे. पण ज्या माणसाने मिन्स्कमध्ये हे चिन्ह हातात धरल्याबद्दल तुरुंग पाहिला, तो विल्नियसमध्ये ते लावतो तेव्हा शहर मागत नसतो, आपली ओळख सांभाळत असतो.

इतिहासाच्या सातबाऱ्यावर एकच नाव चढवण्याचा हट्ट दोन्ही बाजूंनी सोडला पाहिजे. मध्ययुगातले राज्य राजवंशाचे, सरदारांचे आणि चर्चचे असे. आजच्या राष्ट्राची मोजपट्टी त्याला लावली की निम्मी माणसे बाहेर फेकावी लागतात. वंश लिथुआनियन होता, लेखणी रुथेनियन होती आणि राज्य दोघांचे होते. या भांडणात फायदा होतो तो दोघांनाही ज्याने गिळले त्याचा.

राज्य दोघांचे होते याची साक्ष एका दफ्तरात आहे. ग्रँड डचीच्या सगळ्या कारभाराच्या नकलवह्या, सुमारे सहाशे बांधीव खंड, ‘लिथुआनियन मेत्रिका’ या नावाने ओळखल्या जातात. विल्नियसहून त्या वॉर्सॉला गेल्या, 1795 नंतर रशियाने सेंट पीटर्सबर्गला नेल्या आणि आज त्या मॉस्कोच्या प्राचीन अभिलेखागारात आहेत. विल्नियसचे आणि मिन्स्कचे अभ्यासक त्यांचे खंड आपापल्या परीने छापत आले आहेत. त्यांतल्या हुकमांमध्ये सिरिलिक अक्षरांत राज्यकर्त्याची उपाधी येते, आणि ती उपाधी त्याला लिथुआनियाचा, रूसचा आणि झेमाइतियाचा ग्रँड ड्यूक म्हणते. कारकुनाने ही तिन्ही नावे एकाच ओळीत लिहिली आहेत.